बेणारे बोलते, लहान्या बोलत नाही : तेंडुलकरांच्या नाटकाकडून पटकथेकडे झालेल्या प्रवासाचा प्रकरण अभ्यास

सोलापुरात एकांकिका लिहिणाऱ्या मुलामुलींची वाण नाही. राज्य नाट्य स्पर्धेचे सोलापूर केंद्र, विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि महाविद्यालयांची स्नेहसंमेलने यांतून लिहिते झालेले अनेकजण आता लघुपटांकडे आणि मालिकांकडे वळत आहेत, आणि त्यांच्या पहिल्या पटकथेत जवळपास नेमाने एकच अडचण आढळते : कागदावरची माणसे सतत बोलत असतात. जे रंगमंचावर दाखवता येत नाही ते सांगून मोकळे व्हायचे, ही नाटकाने लावलेली सवय कॅमेऱ्यासमोरही सुटत नाही. आमच्या चित्रपट अभ्यासवर्गात या अडचणीवर नियम सांगत बसण्यापेक्षा, हीच वाट आधी चालून गेलेल्या एका नाटककाराचे प्रकरण बारकाईने तपासावे असे ठरले. विजय तेंडुलकरांची निवड त्यामुळेच झाली. मराठी रंगभूमीवर संवादाची धार ज्यांच्याइतकी फार थोड्यांना साधली, त्या लेखकाने पडद्यासाठी लिहिताना त्या धारेचे काय केले, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.

चरित्राचा भाग थोडक्यात सांगता येतो. तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा. वडील कारकुनी करणारे आणि नाटकाची हौस असलेले. १९४२ च्या चळवळीत, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांचे शालेय शिक्षण सुटले ते कायमचे. पुढे त्यांनी वृत्तपत्रांत नोकऱ्या केल्या, आणि १९५० च्या दशकात ‘गृहस्थ’, ‘श्रीमंत’, ‘माणूस नावाचे बेट’ अशी नाटके लिहिली. १९७० च्या आसपास ‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ या नाटकांनी वादळे उठवली. १९७३-७४ मध्ये त्यांना समाजातील वाढत्या हिंसेच्या अभ्यासासाठी नेहरू फेलोशिप मिळाली. ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण त्यांच्या महत्त्वाच्या पटकथा याच काळापासून सुरू होतात. वृत्तपत्रातली वर्षे आणि हिंसेचा हा अभ्यास, या दोन्हींनी त्यांना दिवाणखान्याबाहेरची माणसे जवळून दाखवली असावीत, असे मला वाटते. १९८४ मध्ये पद्मभूषण आणि १९ मे २००८ रोजी पुण्यात निधन, हे नोंदवून पुढे जाऊ.

आरंभबिंदू म्हणून आम्ही १९६७ चे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घेतले. एक हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगासाठी येते, वेळ घालवण्यासाठी लुटुपुटीचा खटला उभा करते आणि लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करते. बघता बघता खेळ खरा होतो, तिचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येते आणि बाहेर पडावे म्हटले तर दाराची कडी अडकलेली असते. शेवटी न्यायाधीश झालेला काशीकर तिला बोलायला अवघे दहा सेकंद देतो. त्या दहा सेकंदांत रंगमंचावरचा काळ थांबतो, बाकीची माणसे गोठतात आणि बेणारे आपले सगळे आयुष्य बोलून दाखवते. बोलणे संपते तेव्हा कोर्टाच्या लेखी ती काहीच बोललेली नसते. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांचा अभिनय यांनी हे स्वगत मराठी माणसाच्या स्मरणात कोरले गेले.

या स्वगताची रचना नीट पाहिली म्हणजे नाटककार तेंडुलकरांचे मुख्य साधन हाती लागते. पीडित माणसाला बोलता यावे म्हणून त्यांनी काळच थांबवला. भोवतालच्यांना ऐकू जात नाही, प्रेक्षकांना मात्र प्रत्येक शब्द ऐकू येतो, आणि या दोन वस्तुस्थितींमधल्या अंतरातच नाटकाचा आघात आहे. रंगमंच अशी सूट सहज देतो. प्रकाश बदलला, माणसे निश्चल झाली की प्रेक्षक ती मान्य करतो. पडद्यावर ही सूट इतक्या सहजी मिळत नाही, कारण तिथे माणसामागची भिंत, खिडकी, बाहेरचे झाड हे सगळे खरे असते आणि खऱ्या जगातला काळ थांबलेला पाहणे डोळ्यांना जड जाते. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी या नाटकाचा चित्रपट केला तेव्हा पटकथा तेंडुलकरांचीच होती आणि छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते. स्वतःच्याच नाटकावर काम करताना लेखकाला फार दूर जाता आले नाही, असे माझे मत आहे. मात्र निहलानींशी जुळलेला हा धागा नऊ वर्षांनी फळाला आला.

दुसरा धागा सोलापूरचा आहे. डॉ. जब्बार पटेल यांचा जन्म पंढरपूरचा आणि शालेय जडणघडण सोलापूरची. पुढे ते वैद्यकीय शिक्षणासाठी पुण्याला गेले आणि तिथे नाटकात रमले. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी दिग्दर्शित केले आणि १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. अवघ्या एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले, तेव्हा त्याच कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन करून ते पुन्हा उभे केले. त्या नाटकातली माणसांची भिंत सर्वांना ठाऊक आहे : ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण क्षणात पडदा होतात, क्षणात गर्दी होतात, क्षणात पाठ फिरवतात. समूह गुन्हा कसा झाकतो हे एकही वाक्य न बोलता दिसावे, याची ती योजना होती. पटकथाकार तेंडुलकरांची खरी पूर्वतयारी मी ‘शांतता!’च्या चित्रपटात न मानता या भिंतीत मानतो. संगीतकार भास्कर चंदावरकर, नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे आणि दिग्दर्शक पटेल ही मंडळी तिथूनच पुढच्या कामात आली.

ते पुढचे काम म्हणजे ‘सामना’. या प्रकरणाचा मध्यबिंदू तोच असल्यामुळे त्यावर आम्ही सर्वाधिक वेळ घेतला. निर्माते रामदास फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक आणि कवी, पटेल यांचा हा पहिलाच चित्रपट, आणि तेंडुलकरांच्या हाती या वेळी आपले कोणतेही नाटक नाही. मराठी पडद्यासाठी स्वतंत्रपणे लिहिण्याची ही संधी होती. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट स्पर्धा विभागात दाखवला गेला. कथेचा गाभा असा : साखर कारखान्याच्या जोरावर परिसर मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले, आणि भटकत गावात येऊन पोहोचलेला, दारूच्या आहारी गेलेला, एकेकाळचा गांधीवादी मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. पाटील मास्तराला आश्रय देतो. मास्तराच्या कानावर मारुती कांबळे या माजी सैनिकाचे नाव पडते आणि तो विचारू लागतो की मारुती कांबळेचे काय झाले. हा प्रश्न पुढे महाराष्ट्राच्या राजकीय बोलीतच शिरला. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, तेही तो विचारतात.

वर्गातली मुले माळशिरस, माढा, मोहोळ, मंगळवेढा अशा तालुक्यांतून आलेली आहेत. उजनीचे पाणी आल्यानंतर ज्या गावांत ऊस वाढला, त्या गावांत ती वाढली. कारखान्याची निवडणूक, तोडीची पाळी, थकलेले ऊसबिल हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. त्यामुळे चित्रपट संपल्यावर त्यांनी राजकारणाविषयी फारसे विचारले नाही. विचारले ते लेखनाविषयी. “ओ सर, तो मास्तर दिवसभर तेच विचारतोय, मग पाटील त्याला हाकलून का देत नाही?” असे माढ्याकडच्या एका मुलाने विचारले. पटकथेच्या दृष्टीने याहून नेमका प्रश्न मला सुचला नसता.

पाटलाने मास्तराला पहिल्याच दिवशी गावाबाहेर काढले असते, तर चित्रपट तिथेच संपला असता. त्याला ठेवून घेण्याचे कारण लेखकाने पाटलाच्या स्वभावात पेरले आहे. भोवती होयबांचा गोतावळा असलेल्या या माणसाला बरोबरीने बोलणारा कोणी हवा आहे. मास्तराचा फटकळपणा त्याला करमणुकीसारखा वाटतो, आणि आपण केलेल्या गोष्टीचा हिशेब मागणारा कोणीतरी असावा अशी एक अस्पष्ट ओढही त्याच्यात आहे. म्हणून दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात, आणि ही बैठक अस्सल नाटकाची आहे. लागू आणि फुले यांचे प्रवेश सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर जसेच्या तसे उभे केले तरी रंगतील. इथवर तेंडुलकर नाटककारच आहेत.

बदल झाला आहे तो या बैठकीच्या बाहेर. मास्तर प्रश्न घेऊन गावात फिरतो आणि ज्याला विचारावे तो उत्तर टाळतो. नाटकात या टाळाटाळीसाठी प्रत्येकाला प्रवेश द्यावा लागला असता, दोन वाक्ये द्यावी लागली असती. पटकथेत एक नजर, काम करता करता थबकलेला हात किंवा पाठमोरी वळलेली आकृती एवढ्यावर भागते. ‘घाशीराम’मधली भिंत इथे गावभर विखुरली आहे. दुसरा बदल अधिक मोठा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो मारुती कांबळे या कथेच्या वर्तमानात नाहीच. मोहन आगाशे यांनी साकारलेला हा माणूस पडद्यावर फार थोडा दिसतो, आणि तरी सगळा चित्रपट त्याच्याभोवती फिरतो. बेणारे स्वतः बोलली होती. कांबळेविषयी दुसरा कोणी बोलतो. पीडिताचे स्वगत काढून घेतले आणि त्याच्या जागी परक्याने विचारलेला प्रश्न ठेवला, हे तेंडुलकरांच्या स्थित्यंतराचे पहिले ठोस पाऊल मी मानतो.

हा परका माणूस पुढे त्यांच्या पटकथांत पुन्हा पुन्हा येतो. ‘मंथन’मध्ये गुजरातेतल्या खेड्यात दूध सहकारी संस्था उभी करायला आलेले डॉ. राव, ‘आक्रोश’मध्ये आदिवासी आरोपीचे वकीलपत्र घेतलेला तरुण भास्कर कुलकर्णी, ‘उंबरठा’मध्ये महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडून आलेली सुलभा महाजन. बाहेरचा माणूस येतो, विचारतो, आणि त्याच्या विचारण्यामुळे त्या जागेची घडी उलगडते. नाटकात अशा माणसाला सगळे काही सांगावे लागते. कॅमेऱ्याला मात्र त्याच्या डोळ्यांनी पाहता येते, आणि प्रेक्षकही त्याच्यासोबत ती जागा पहिल्यांदाच पाहत असतो. पटकथेच्या दृष्टीने ही फार सोयीची रचना आहे, आणि तेंडुलकरांनी ती जाणतेपणाने वापरली असे दिसते.

आता एका अशा वस्तुस्थितीकडे यायला हवे, जिचा विचार व्हायला हवा तितका होत नाही. हिंदीतल्या या गाजलेल्या चित्रपटांचे संवाद तेंडुलकरांचे नाहीत. १९७५ च्या ‘निशांत’ची पटकथा त्यांची आणि संवाद सत्यदेव दुबे यांचे. १९७६ च्या ‘मंथन’ची पटकथा त्यांची आणि संवाद कैफी आझमी यांचे. ‘आक्रोश’ला पुन्हा दुबे आणि १९८३ च्या ‘अर्धसत्य’ला वसंत देव. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन ज्याचे भांडवल उभे केले, त्या ‘मंथन’साठी तेंडुलकरांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संवादांचा बादशहा म्हणून ओळखला जाणारा लेखक संवाद दुसऱ्याच्या हवाली करतो आणि तरीही त्या चित्रपटाचा लेखक म्हणून गौरवला जातो, याचा अर्थ लेखनाचा ऐवज वाक्यांखाली कुठेतरी खोल होता : कोण कोणाला कधी भेटतो, कोणती गोष्ट कोणाला उशिरा कळते, आणि कोणाचे तोंड कोणत्या क्षणी बंद राहते यांच्या आखणीत. भाषेचा प्रश्न सोलापूरकरांना परका नाही. ज्या शहरात उंबऱ्याच्या आत तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी आणि बाजारात दख्खनी हिंदी बोलली जाते, तिथल्या नवख्या लेखकाला हा तपशील धीर देणारा आहे. आखणी आपली असेल, तर बोलणे ज्याची ती भाषा आहे त्याच्याकडून घेता येते.

‘आक्रोश’ १९८० चा. गोविंद निहलानी यांचे हे पहिले दिग्दर्शन आणि कथा-पटकथा तेंडुलकरांची. लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. ती ज्यांच्या अत्याचाराला बळी पडली, तीच गावातली प्रतिष्ठित माणसे आहेत. वकील परोपरीने विचारतो, आणि ओम पुरी यांनी साकारलेला लहान्या एक अक्षर बोलत नाही. ‘शांतता!’शी ताडून पाहिले की अंतर ध्यानात येते. दोन्हीकडे खटला आहे, दोन्हीकडे आरोपीच पीडित आहे, आणि दोन्हीकडे खरे गुन्हेगार मोकळे आहेत. बेणारेला दहा सेकंद मिळाले आणि तिने त्यात सगळे सांगितले. लहान्याला अख्खा चित्रपट मिळाला आणि त्याने तो न बोलता घालवला. शेवटी वडिलांच्या चितेपाशी तो कुऱ्हाड उचलतो, आपल्या बहिणीला मारतो, म्हणजे बायकोची गत तिची होणार नाही, आणि मग ओरडतो. त्या ओरडण्यात शब्द नाही. बोलून उपयोग नाही हे ज्याला पुरते कळले आहे अशा माणसाचे मौन लिहायला संवादावर हुकमत असलेलाच लेखक लागतो, कारण कोणते वाक्य गाळल्याने किती पोकळी उरेल याचा अंदाज त्यालाच असतो.

तरी या मौनाविषयी माझा एक आक्षेप आहे, आणि तो वर्गातल्या मोहोळच्या एका मुलीने माझ्याआधी आणि माझ्याहून स्पष्ट शब्दांत मांडला. ती म्हणाली, “कांबळेबद्दल मास्तर बोलतो, लहान्याबद्दल वकील बोलतो. मग त्यांनी स्वतः काय म्हटलं असतं, हे कोणी लिहायचं?” पडद्यासाठी लिहिताना तेंडुलकरांची सहानुभूती गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत पोचली, पण बोलण्याचा अधिकार मध्यमवर्गीय, शिकलेल्या माणसाकडेच राहिला. ‘आक्रोश’मधल्या दोन्ही स्त्रिया, बायको आणि बहीण, मारल्या जातात आणि त्यांना कोणी काही विचारतही नाही. बेणारेच्या स्वगताने स्त्रीला जे दिले होते ते या वाटेवर गळून पडले. एका परीने हे त्या व्यवस्थेचे खरे चित्र आहे, असा बचाव करता येतो. मला तो अर्धाच पटतो.

लेखकाला स्वतःलाही हे खुपले असावे, असा तर्क पुढच्याच वर्षीच्या नाटकावरून करता येतो. तेंडुलकरांनी नाटक सोडले नव्हते. १९८१ च्या ‘कमला’मध्ये एक पत्रकार बाजारातून विकत आणलेली बाई पुरावा म्हणून जगापुढे उभी करतो. ही कमला फार थोडे बोलते, पण पत्रकाराच्या बायकोला ती निरागसपणे विचारते की तुम्हाला यांनी केवढ्याला आणले. एका प्रश्नात सुशिक्षित घराचा पाया हलतो. इथे प्रश्न विचारणारा माणूस बदलला आहे. शिकलेला पाहुणा विचारत नाही, जिच्याविषयी सगळे बोलत होते तीच विचारते. चित्रपटात कमावलेली शब्दांची काटकसर नाटकात परत आली आणि तिने सोबत पीडिताचा आवाजही आणला. नाटककार पटकथाकार झाला, असे आपण एका दिशेने सांगतो. कागदोपत्रीचा हा क्रम पाहता ये-जा दोन्ही बाजूंनी होती.

मधल्या ‘सिंहासन’ या चित्रपटाविषयी एवढेच : अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांतली भली मोठी पात्रसंख्या एका पटकथेत बसवताना तेंडुलकरांनी दिगू टिपणीस या वार्ताहराला सगळ्यांमधून फिरवले, आणि शेवटी त्याला शब्द न देता वेड्यासारखे हसू दिले. ‘सामना’तला पाटील साकारणाऱ्या निळू फुल्यांनीच तो दिगू केला. १९७९ चे ते हसणे ‘आक्रोश’मधल्या किंकाळीच्या एकच वर्ष आधीचे आहे.

या अभ्यासाचा उपयोग वर्गातल्या एका पटकथेवर लगेच करून पाहिला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीची स्पर्धेत गाजलेली एकांकिका होती : बंद पडायला आलेला यंत्रमागाचा कारखाना, तिथे काम करणारे वडील आणि घरी विड्या वळणारी आई. एकांकिकेत माग दिसणे शक्य नव्हते, म्हणून त्याच्याविषयी वडिलांचे लांबलचक भाषण होते. पटकथेतही तिने ते तसेच ठेवले होते. वर्गाने तिला फक्त एवढे विचारले की माग चालू असताना वडील शेजारच्या माणसाशी कसे बोलतात. ती म्हणाली, बोलतच नाहीत, त्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, हाताच्या खुणा करतात. दुसऱ्या खर्ड्यात भाषण गेले आणि खुणा आल्या. माग बंद होण्याची बातमी मालकाचा माणूस खडखडाट चालू असतानाच वडिलांना सांगतो. प्रेक्षकाला ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत, आणि वडील मान डोलावून पुन्हा धोटा हातात घेतात.

आईचा प्रश्न तेवढा उरला होता. मोहोळच्या मुलीने तोच आक्षेप पुन्हा घेतला : वडिलांचे मौन छान जमले आहे, पण आईलाही गप्प बसवले तर घरातले कोणीच बोलत नाही. लेखिकेने ते मान्य केले. तिसऱ्या खर्ड्यात आई विड्यांचा कट्टा बांधता बांधता, हिशेब करावा तशा आवाजात, घर कसे चालेल ते सांगते. ती वाक्ये तेलुगूत आहेत आणि लेखिकेने ती स्वतः लिहिलेली नाहीत. आईला प्रसंग समजावून सांगितला, ती काय म्हणाली ते टिपून घेतले आणि श्रेयनामावलीत संवादांपुढे आईचे नाव घालायचे ठरवले.